दुआब की भाऊबंदकी? काल्पनिक जगात दोन वैरी राज्यं उभी करताना

नकाशा काढून झाला, झेंडेही ठरले. पण ही दोन राज्यं भांडतात कशावरून? फँटसी लिहिणाऱ्यांचं घोडं बहुधा इथेच अडतं. दख्खनच्या इतिहासात याचे दोन उत्तम साचे पडून आहेत.

पहिला रायचूर दुआबाचा. कृष्णा आणि तुंगभद्रेच्या मधला सुपीक पट्टा. विजयनगर उभं राहिलं १३३६ मध्ये, बहमनी राज्य १३४७ मध्ये, आणि दोघांनाही तो पट्टा हवा होता. कृष्णदेवरायाने १५२० मध्ये रायचूर जिंकलं तोवर विजयनगरात घराणी बदलली होती, समोर बहमनींच्या जागी आदिलशहा आला होता. भांडण मात्र तेच. चार-पाच भागांची मालिका लिहायची असेल तर असंच न शिळं होणारं कारण लागतं. अडचण एकच, जमिनीच्या तुकड्यासाठी वाचकाचा जीव तुटत नाही. म्हणून दर लढाईनंतर नव्या राजाला सारा भरणारा एखादा पाटील त्या पट्ट्यात वसवावा लागतो.

हा साचा नुसतं धर्मयुद्ध समजून उचलाल तर फसाल. विजयनगरचे राजे स्वतःला ‘हिंदूरायसुरत्राण’ म्हणवत, म्हणजे बिरुदात ‘सुलतान’ शब्द होताच. आणि आदिलशाही-निजामशाही कित्येक वर्षं भांडली ती आंदण म्हणून कबूल केलेल्या सोलापूरच्या किल्ल्यावरून! पुढे चांदबीबीच्या लग्नात तोच किल्ला आंदण म्हणून आला, सोयरीक जुळली आणि १५६५ मध्ये दोघं मिळून विजयनगरच्या रामरायावर चालून गेले. वैऱ्यांना एकमेकांच्या चालीरीती उचलू द्या. एक गोरा, एक काळा अशी राज्यं दुसऱ्या प्रकरणातच कंटाळा आणतात.

दुसरा साचा सातारा-कोल्हापूरचा. औरंगजेबाच्या मृत्यूनंतर, १७०७ मध्ये, शाहू मोगलांच्या कैदेतून सुटून आला. ताराबाईंनी त्याला तोतया ठरवलं. खेडच्या लढाईत त्यांचेच सेनापती धनाजी जाधव शाहूला जाऊन मिळाले. भाषा एक, देव एक, पूर्वज एक. नकाशावर दाखवण्यासारखा फरक काहीच नाही. सगळा ताण सरदारांच्या मनात: खरा धनी कोण? कान्होजी आंग्रे आधी ताराबाईंकडे होते, त्यांना बाळाजी विश्वनाथाने वळवलं. असा एकेक माणूस म्हणजे एकेक प्रकरण. शिवाय हे वैर संपवता येतं. १७३१ च्या तहात वारणा नदी हद्द ठरली आणि भाऊबंदकीची दोन राज्यं झाली.

जादू, राक्षस, शापित तलवारी दोन्हीकडे सारख्याच बसतात, त्यांची चिंता नको.

पहिलीच कादंबरी असेल तर मी गादीचा साचा घ्या म्हणेन. पात्रं आपोआप दोन बाजूंना विभागली जातात, आणि दुआबासाठी लागणारा तीन पिढ्यांचा इतिहास रचत बसावं लागत नाही. नकाशा मागाहून काढला तरी चालेल. आधी वंशावळ मांडा, आणि तिच्यात एक नाव असं ठेवा की ते खरं की तोतया, हे तुमच्या राज्यातल्या कोणालाच छातीठोकपणे सांगता येऊ नये.