वायरलेसची खरखर घालवणारी ‘विमानाची पेटी’: १७,८०० रुपये गेले, तुम्ही घेऊ नका

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात एक माणूस ‘विमानात बसवतात तो नॉईज फिल्टर’ म्हणून लाल पेटी विकून गेला. घेऊ नका. मी घेतली. पेटीचे १४,५००, ‘शिल्डवाल्या’ वायरचे १,८००, फिटिंगचे १,५००, एकूण १७,८०० रुपये. त्यातले १०,००० फोनवरून दिले, ७,८०० रोख. पावती मागितली तर म्हणाला, उद्या आणून देतो.

दुखणं खरं होतं. डेकवरचे एलईडी दिवे लावले की व्हीएचएफ सेटवर (बोटीच्या वायरलेसवर) खरखर सुरू व्हायची. (दिवे म्हणजे मासळी निवडायला लावतो ते, बंदी असलेली ती एलईडी मासेमारी आम्ही करत नाही.) आणि आम्ही बोललो की समोरच्या बोटीला आमच्या आवाजामागे शिट्टी ऐकू यायची. इंजिनाची रेस वाढवली की शिट्टीही चढायची. ३१ जुलैला पावसाळी मासेमारीबंदी संपते, त्याआधीचे दिवस कसे असतात ते बोटवाल्यांना सांगायला नको. जाळी, डिझेल, खलाशांचे आगाऊ पैसे, सगळं एकदम अंगावर येतं. सेट बोलता नसेल तर बोट बाहेर काढायची कशी? चॅनल १६ वर, म्हणजे संकटात हाक मारायच्या चॅनलवर, कोणी मदत मागितली आणि आपल्याला ती ऐकूच आली नाही, तर काय करायचं? म्हणून घाई केली. हौस म्हणून नाही.

त्या विकणाऱ्याचं बोलणं मात्र पक्कं. “नाखवा, लहान विमानात पायलटच्या कानाला हेडफोन असतो. तिथे खरखर चालते का? ही पेटी तिथली.” लहान विमानांत अल्टरनेटरची (इंजिनावर वीज तयार करतो त्याची) शिट्टी हेडफोनमध्ये येते हे खरंच आहे, म्हणून पटलं. पुढे म्हणाला, “स्पार्क प्लगचा सगळा कचरा ही पेटी गिळते.”

इथे, नेमकं इथे त्याला जेटीवरून उतरवायला हवं होतं. माझं इंजिन डिझेलचं! डिझेलला स्पार्क प्लग असतो कुठे? विमानाच्या पेट्रोल इंजिनाला ठिणगीसाठी वीज देणारा मॅग्नेटो असतो, प्लग असतात, त्यांच्या ठिणगीचा आवाज रेडिओत शिरतो, म्हणून तिथे प्लगच्या वायरींवर शिल्ड चढवतात. माझ्या बोटीवर ती भानगडच नाही. जन्म डिझेलच्या वासात गेला आणि हे वाक्य कानावरून गेलं. पण त्याच वेळी मेकॅनिक इंजेक्टरचं विचारत होता, बर्फवाला पैशांसाठी उभा होता, आणि हा माणूस थांबायला तयार नव्हता.

मग त्याने ‘डेमो’ दिला. भर दुपारी. दिवे बंद. सेटकडे तोंड आणि माझ्याकडे पाठ करून उभा राहिला, पेटी जोडली, खरखर गेली. बाजूच्या बोटीवरून त्याचाच साथीदार हँडसेटवर “क्लिअर, क्लिअर” म्हणाला. शिट्टी खरंच गेली का, हे आमच्या माणसाने ऐकलंच नाही. समुद्रात गेल्यावर कळलं की त्याने स्क्वेल्चचं, म्हणजे खरखर दाबायचं, बटण शेवटपर्यंत फिरवून ठेवलं होतं. स्क्वेल्च इतका चढवला की खरखर दबते, पण लांबच्या बोटीचा कमजोर आवाजही दबतो. पलीकडे कोणी ओरडत असलं तरी आपला सेट गप्प. पैशापेक्षा मला याचा संताप आहे. कोणाचा तरी जीव गेला असता.

पेटी फोडली. आत डांबरासारखं काळं काहीतरी ओतलेलं, ते हातोडीने काढलं तर एका टोकाची लाल वायर सरळ दुसऱ्या टोकाला जोडलेली. वजनासाठी लोखंडी वॉशर आणि वाळू. ना चोक, ना कपॅसिटर. फिल्टर म्हणजे हीच दोन वस्तू असतात.

आयटीआय झालेल्या पुतण्याने खरं कारण काढलं. सेटची अर्थ वायर जिथे जोडली होती तिथला लग (वायरीच्या टोकाची धातूची कडी) खाऱ्या हवेने हिरवा पडून आतून सडला होता. सेटला वीज येत होती ती दिव्यांच्याच वायरीतून. त्याने बॅटरीपासून सेटला वेगळी, पिळलेली, टिनचा मुलामा दिलेली तांब्याची वायर फ्यूजसकट ओढली, लग बदलले, दिव्यांच्या वायरींवर खरखर अडवणाऱ्या फेराइटच्या क्लिप बसवल्या. सामान ७४० रुपयांचं. एक दिवा तरीही खरखरत होता, तो काढून टाकला. स्वस्त एलईडीतला ड्रायव्हर, म्हणजे दिव्याला वीज पुरवणारं सर्किट, व्हीएचएफला त्रास देतो. अमेरिकेच्या तटरक्षक दलाने २०१८ मध्ये याचा इशारा दिला होता. आपल्याकडे कोणी सांगत नाही.

तुमच्याकडे शिट्टी असेल तर इंजिन चालू ठेवून मल्टिमीटर एसीवर लावा आणि बॅटरीवर मोजा. अर्धा व्होल्ट किंवा जास्त दाखवलं तर अल्टरनेटरचा डायोड गेला असण्याची शक्यता आहे, आधी तो तपासा. पेटीवर पैसे घालू नका.

आता तक्रारीचं. पोलीस ठाण्यात गेलो तर पेटी टेबलावर ठेवू दिली नाही. “तुम्ही स्वतः पैसे दिलेत, ही दिवाणी बाब आहे.” खोटं सांगून पैसे काढले तर ती फसवणूक नाही? मग न्याय संहितेत कलम ३१८ कशाला आहे? अर्ज ठेवून घेतला, पोच दिली नाही. पोच मागितली तर साहेब जेवायला गेलेत. मत्स्यव्यवसाय खात्याच्या कार्यालयात म्हणाले, आम्ही डिझेल आणि लायसन्स बघतो, सेट आमच्याकडे येत नाही. मग सुरक्षेची सक्ती करताना सेट कोणाकडे येतो? बँकेत म्हणाले, व्यवहार तुमच्या संमतीने झालाय. ग्राहक तक्रारीचं विचारलं तर एकाने तोंडावर सांगितलं, बोट म्हणजे धंदा, तुम्ही ग्राहकच नाही. हे चूक आहे. स्वतः राबून त्यावरच पोट भरणारा माणूस कायद्याने ग्राहक ठरतो, २०१९ च्या कायद्यात तसं लिहिलंय. तक्रार करायची असेल तर आधी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा आणि पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट जपा. रोख दिलेल्या ७,८०० चा माझ्याकडे काही पुरावा नाही, म्हणून रोख देऊ नका.

तो माणूस आता देवगडकडे दिसल्याचं ऐकतोय. लाल पेटी घेऊन कोणी आला तर डेमो रात्री घ्या, सगळे दिवे लावून, रेस वाढवून, आणि स्क्वेल्चच्या बटणावर आपला हात ठेवून. पलीकडच्या बोटीवर आपलाच तांडेल बसवा.