साउंड बाथ की घरचा तानपुरा: विश्रांतीची तयारी करण्यापूर्वी

इंदूरमध्ये ध्वनीच्या साहाय्याने विश्रांती घेऊ पाहणाऱ्यासमोर साधारणपणे दोन मार्ग असतात: योगवर्गाच्या सभागृहात सिंगिंग बाउलच्या, म्हणजे वाजवल्यावर घुमत राहणाऱ्या धातूच्या वाडग्यांच्या, सामूहिक सत्राला (साउंड बाथला) जाणे, किंवा घरीच दार लावून मोबाइल ॲपवरच्या तानपुऱ्याच्या नादात पडून राहणे. कोणता नाद अधिक गुणकारी, यावर वाद पुष्कळ होतात. माझ्या मते मात्र निवड सत्र संपल्यानंतरचा अर्धा तास कुठे जाणार आहे, हे पाहून करावी.

नादांत फरक आहेच. हे बाउल मुख्यतः तांबे आणि कथील यांच्या मिश्रधातूचे, म्हणजे आपल्याकडे तूप लावून तळपाय घासतात त्या काशाच्या वाटीचे नातलग. एका बाउलची कंपने सेकंदाला २०० आणि दुसऱ्याची २०४ असली, तर सेकंदाला चार वेळा चढणारी-उतरणारी लहर ऐकू येते. मोठ्या बाउलचा खर्ज छातीपर्यंत जाणवतो. मोबाइलच्या चिमुकल्या स्पीकरमधून तो पोहोचत नाही. तानपुऱ्यात असे काही अंगावर येत नाही. त्याच्या चार तारा, घोडीवर तारेखाली सरकवलेल्या सुती दोऱ्यामुळे, एकसारख्या झंकारत राहतात आणि पुढे काय येणार याची उत्सुकताच उरत नाही. म्हणूनच घरी गायन लावू नये असे मी म्हणेन. ख्यालगायक उस्ताद अमीर खाँ यांच्या या शहरात जाणत्या कानांची वाण नाही, आणि झूमरा तालातला अतिविलंबित ख्याल कितीही शांत असला तरी असा कान त्याच्या चौदा मात्रा मोजत समेची, म्हणजे पहिल्या मात्रेची, वाट पाहत बसतो.

सामूहिक सत्राची तयारी अंगाशी निगडित असते. जेवण दोन तास आधी आणि हलके असावे, कपडे सैल असावेत, आणि पांघरूण मे महिन्यातही सोबत न्यावे, कारण निश्चल पडल्यावर शरीर गार पडू लागते. एका जानेवारीत मी केवळ पातळ सतरंजी घेऊन गेलो होतो. कोट्याच्या फरशीवर अर्धे सत्र मी माझ्या टाचांचाच विचार करीत होतो. मोबाइल निव्वळ व्हायब्रेटवर न ठेवता बंद करावा, कारण फरशीवरची त्याची घरघर सर्वांना ऐकू जाते. गर्भारपण, अपस्मार, पेसमेकर किंवा कानात सतत गुणगुण होण्याचा त्रास असल्यास आधी डॉक्टरांना विचारावे आणि सत्र घेणाऱ्यांनाही सांगावे. कानांची तक्रार असलेल्यांनी घंटेसारख्या मोठ्या वाद्यापासून दूरची जागा धरावी.

घरची तयारी मात्र घरातल्या माणसांची करावी लागते. कुकर, दाराची बेल आणि सकाळी गाणे वाजवत येणारी कचरागाडी यांच्या वेळा टाळल्या, की उरतो तो पंखा. त्याच्या घरघरीशी तानपुऱ्याचा षड्ज भांडत असेल, तर ॲपमधली पट्टी थोडी वरखाली करून पाहावी. कुठेतरी दोघांचे जुळते. आवाज इतकाच ठेवावा की शेजारी हलक्या स्वरात बोललेले ऐकू यावे.

आता तो अर्धा तास. संध्याकाळचे सत्र आठला सुटते आणि राजवाड्याच्या गर्दीतून, हॉर्नच्या माऱ्यात दुचाकी हाकत घर गाठावे लागते. सराफ्याच्या रात्रीच्या खाऊबाजाराजवळून जाताना भुट्ट्याच्या (मक्याच्या) किसाचा मोह झाला, तर पोटही जड होते. ज्यांना झोप लागत नाही म्हणून हे करायचे आहे, त्यांनी रात्री घरी तानपुराच लावावा, कारण तिथून उठून कुठे जायचे नसते. ज्यांच्या घरात वीस मिनिटेही निवांत मिळत नाहीत, त्यांनी सत्राला जावे, पण रविवारी सकाळचे निवडावे, आणि परतताना गाडी स्वतः चालवण्याऐवजी रिक्षा करावी.