साथीच्या काळात शाळेचा पैसा कुठे घालावा: फवारणी, खिडक्या, प्युरिफायर की मास्क?

साथ आली की शाळेकडे उपाय सुचवणाऱ्यांची गर्दी होते, पैसा मात्र मोजकाच असतो. व्यवस्थापन समितीने आधी एवढंच विचारावं: हा आजार हवेतून पसरतो की हातांतून?

कोविडच्या सुरुवातीला बहुतेकांनी बाकं पुसण्यावर आणि फवारणीवर भर दिला. एप्रिल २०२१ मध्ये अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने सांगितलं, की दूषित पृष्ठभागाला एकदा हात लागून कोविड होण्याची शक्यता साधारणपणे दहा हजारांत एकाहूनही कमी आहे. फवारणी सगळ्यांना दिसते, पालकांना बरं वाटतं, म्हणून ती आधी होते. श्वसनाच्या आजारात ती माझ्या यादीत शेवटी येते. उलट्या-जुलाबांच्या साथीत मात्र स्वच्छतागृह, नळ आणि साबण यांवरच खर्च करा. अशा साथी आणणाऱ्या नोरोव्हायरस या विषाणूवर सॅनिटायझरचा फारसा उपयोग होत नाही, तिथे साबणाने हात धुणंच लागतं.

हवेतल्या आजाराशी गाठ असेल तर खरी निवड खिडक्या आणि प्युरिफायर (हवा गाळणारं यंत्र) यांच्यात आहे. वर्गातली हवा तासाला किमान ५ वेळा बदलली जावी किंवा गाळली जावी, असं सीडीसी २०२३ पासून सांगते. समोरासमोरच्या भिंतींना खिडक्या असतील आणि वारा खेळत असेल, तर हे जवळपास फुकटात साधतं. पण एकाच बाजूला खिडक्या, त्यात थंडी, पाऊस किंवा रस्त्याचा धूर असला की त्या बंद होतात. मग प्युरिफायर हवाच. तो घेताना जाहिरात बघू नका, हिशोब करा. ८ मीटर लांब, ६ मीटर रुंद, ३ मीटर उंच वर्गात १४४ घनमीटर हवा असते. पाचपट म्हणजे तासाला ७२० घनमीटर. यंत्र तासाला २४० घनमीटर हवा गाळत असेल, तर अशी तीन लागतील. यंत्राचा तो २४० चा आकडाही बहुधा सर्वाधिक वेगाचा असतो. त्या वेगाला आवाज इतका होतो, की शिकवताना शिक्षक वेग कमी करतात. म्हणून शांत वेगाचा आकडा विचारा आणि फिल्टर बदलण्याचा खर्च पहिल्याच वर्षी अंदाजपत्रकात धरा.

मास्क स्वस्त आणि लगेच लागू करता येतो. चेहऱ्याला नीट बसणारा एन-९५ कापडी मास्कपेक्षा खूप सरस. मात्र पाच वर्षांपर्यंतच्या मुलांवर सक्ती नको, असं जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ सांगतात. खाताना मास्क उतरतोच, तेव्हा मुलांना बाहेर बसवा. अर्ध्या हजेरीने, म्हणजे एका दिवशी अर्धीच मुलं बोलावून, गर्दी नक्की कमी होते, पण किंमत जबर: उरलेले दिवस मूल शिक्षणाबाहेर राहतं आणि ज्याच्या घरी मदतीला कोणी नाही, तेच सगळ्यात मागे पडतं. बाकी सगळं करूनही साथ आवरत नसेल, तरच हा मार्ग घ्या.

आजारी मुलाने घरी थांबायला यातलं काहीच लागत नाही. शंभर टक्के हजेरीचं बक्षीस मात्र ताप असलेल्या मुलालाही शाळेत आणतं. साथीत ते बंदच करा.

एकच वस्तू घेण्याइतके पैसे असतील तर आपल्या श्वासातून बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड मोजणारा मीटर घ्या आणि भरलेल्या वर्गांत फिरवा. ८०० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत ८०० भाग) वर आकडा टिकून राहिला, तर तिथे ताजी हवा कमी पडते आहे. प्युरिफायरने हा आकडा उतरत नाही, कारण तो कण गाळतो, वायू नाही. ज्या वर्गात खिडक्या उघडूनही आकडा चढाच राहील, पहिला प्युरिफायर त्याच वर्गाला द्या.