मशीनवरची चिठ्ठी: आठ महिने स्वयंसूचना करून आलेला अनुभव

मे महिन्यात सुरुवात केली, आता जानेवारी चालू आहे. रोज स्वतःला चांगली वाक्यं सांगायची, हल्ली ज्याला अफर्मेशन म्हणतात, ते मी आठ महिने मनापासून केलं. पहिला दीड महिना चुकीच्या पद्धतीनं केलं, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

मी अमळनेरला राहते, घरीच ब्लाऊज शिवते. गेल्या वर्षी आमची ठेव एका पतसंस्थेत अडकली. बारा वर्षं शिवून जमवलेले पैसे होते. तिथं शटर खाली, फोन कोणी उचलत नाही. बाहेर 44 अंशांचं ऊन, लग्नसराईची कापडं घरात पडलेली, आणि मी मशीनपुढे बसून नुसती सुईकडे बघत राहायचे. तेव्हा मोबाईलवर एक व्हिडिओ आला. ‘मी समृद्ध आहे, पैसा माझ्याकडे सहज येतो आहे’ असं रोज एकवीस वेळा म्हणा. मी वहीत लिहून घेतलं आणि म्हणायला लागले.

दोन-तीन दिवस बरं वाटलं. मग ओठ म्हणायचे पैसा येतो आहे, आणि आतून लगेच यायचं, कुठून येतो आहे? दहा-बारा वेळा म्हणेपर्यंत रडू फुटायचं. त्यावर आणखी वाटायचं की माझीच श्रद्धा कमी पडते.

जूनच्या अखेरीस भाची आली. ती जळगावला मानसशास्त्र शिकते. वही वाचून म्हणाली, “मावशी, तुझं काही चुकत नाहीये गं. हे वाक्यच तुझं नाही.” मग तिनं सांगितलं की 2009 मध्ये कॅनडात मानसशास्त्रज्ञ जोआन वुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच तपासलं होतं. ज्यांचं स्वतःबद्दलचं मत आधीच खालावलेलं असतं, त्यांना ‘मी प्रेम करण्याजोगी व्यक्ती आहे’ असं पुन्हा पुन्हा म्हणायला लावलं, तर त्यांना उलट जास्त वाईट वाटलं. हे ऐकून माझ्या छातीवरचं ओझं उतरलं. शंभर वर्षांपूर्वी फ्रान्समध्ये एमिल कुए नावाचे औषधविक्रेते लोकांना वीस गाठींची दोरी हातात धरून वीस वेळा वाक्य म्हणायला सांगत, अगदी जपमाळेसारखं. पण त्यांचं वाक्यही ‘मी दिवसेंदिवस बरा होतो आहे’ असं होतं. ‘मी बरा झालो’ असं नव्हतं.

मग मी वाक्य बदललं, आणि खरा फरक भाषेनं पडला. ‘मी समर्थ आहे’ हे माझ्या तोंडी रेडिओवरच्या निवेदनासारखं वाटायचं. माझं मन घाबरतं ते अहिराणीत, मग त्याला धीरही अहिराणीतच द्यायला हवा ना! माझी आई मला बाई म्हणायची. तिच्याच आवाजात लिहिलं: ‘बाई, आजना दिन निंघी जाई.’ आजचा दिवस निघून जाईल, एवढंच. त्याच्या खाली: ‘एक काम करसू.’ एक काम करीन. या दोन वाक्यांना आतून उलट उत्तर आलं नाही, कारण दोन्ही खरी होती. भाची म्हणाली, ‘मी’ऐवजी स्वतःला नावानं हाक मारून बोललं की ताण थोडा दूर उभा राहतो, यावरही मानसशास्त्रज्ञ ईथन क्रॉस यांचं 2014 चं संशोधन आहे. मी तर फक्त आईसारखी हाक मारली होती.

चिठ्ठी मशीनच्या चाकाशेजारी चिकटवली. नवरात्राच्या तोंडावर एका गिऱ्हाईकाच्या पैठणीच्या ब्लाऊजचा गळा माझ्याकडून दोन बोटं जास्त खोल कापला गेला. हात थंडगार पडले. कात्री खाली ठेवली, तेलानं पिवळी पडलेली ती चिठ्ठी वाचली, आणि एकच काम केलं: उरलेल्या काठाचा तुकडा शोधला. त्याची पट्टी गळ्याला लावली, कोपरे हातानं टाचले. ताईंना आधी खरं सांगितलं, मग ब्लाऊज दाखवलं. त्यांनी घेतलं. मे महिन्यात हेच घडलं असतं तर मी दोन दिवस दार लावून बसले असते.

आणखी एक गोष्ट भाचीनं करायला लावली. आपल्याला काय मोलाचं वाटतं त्यावर दहा मिनिटं लिहायचं. मानसशास्त्रज्ञ क्लॉड स्टील यांनी 1988 मध्ये मांडलेल्या विचारातून ही पद्धत आली. मी गल्लीतल्या दोन मुलींना शिवण शिकवते, त्यावर लिहिलं. फार वाईट दिवशी मला चिठ्ठीपेक्षा हेच जास्त उपयोगी पडतं.

रात्रीच्या झोपेवर मात्र काही फरक नाही. आणि माझ्या जाऊबाईंना याचा उपयोग झालाच नाही. दोन आठवडे झाले तरी त्या नीट जेवत नव्हत्या, अंथरुणातून उठत नव्हत्या. त्यांना मी चिठ्ठी दिली, ही माझी चूक. त्यांना डॉक्टरच हवे होते. शेवटी टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर फोन लावला, तो चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं. आता त्यांचे उपचार चालू आहेत, परवा त्यांनी स्वतःहून कळण्याच्या भाकरी थापल्या.

ठेव अजून मिळालेली नाही. अर्ज करून ठेवला आहे. सध्याची चिठ्ठी तिसरी आहे, आधीच्या दोन तेलानं विरल्या. शब्द तेच ठेवलेत.