शालेय हवामान संच: पर्जन्यमापकासाठी घ्यावा, दाबमापकाच्या तबकडीवरचे शब्द मात्र झाकून ठेवावेत

कमाल-किमान तापमापक, ओला-कोरडा तापमापक, पर्जन्यमापक, वातकुक्कुट, तीन वाट्यांचा वेगमापक, निर्द्रव वायुदाबमापक, ढगांचा तक्ता आणि एक माहितीपुस्तिका, एवढं या संचात मिळतं. शाळेच्या गरजेला हे पुरेसं आहे. पण उपकरणं खोक्यातून काढून तशीच भिंतीला टांगली, तर मुलं चुकीचे आकडे शिकतील.

पर्जन्यमापक सर्वात सरस. नरसाळ्याच्या तोंडाचं क्षेत्रफळ आतल्या नळीच्या दहापट असल्याने १ मिलिमीटर पाऊस नळीत १ सेंटिमीटर उंच चढतो आणि दशांश मिलिमीटरही सहज वाचता येतो. पाऊस लिटरऐवजी मिलिमीटरमध्ये का मोजतात, हा मुलांचा हमखास प्रश्न. १ चौरस मीटर सपाट जागेवर १ लिटर पाणी पसरलं की त्याची उंची १ मिलिमीटर भरते, हे वर्गात गणित करून दाखवता येतं. मापक वापरण्याआधी तपासून घ्या. नरसाळ्याचा व्यास १० सेंटिमीटर असेल, तर ७८.५ मिलिलिटर पाणी ओतल्यावर नळीत बरोबर १० मिलिमीटरची खूण यायला हवी. नळी फुटली आणि जागी दुसरी कुठलीही बसवली, की हे गणित मोडतं. मग पट्टी लावून उंची मोजण्यात अर्थ नाही. मापकाची कड पाणसळीने समतल करावी. झाड किंवा इमारत जेवढी उंच, तिच्या किमान दुप्पट अंतरावर मापक हवा. गच्चीच्या कठड्यालगत ठेवल्यास वारा थेंब उडवून नेतो आणि नोंद कमी येते. नरसाळ्यात पाला अडकतो, तो रोज काढायचा.

संचाची मोठी उणीव म्हणजे तापमापकांसाठी झडपांची पांढरी पेटी दिलेली नाही. उन्हातला तापमापक हवेचं नव्हे, स्वतःच्या तापलेल्या काचेचं तापमान सांगतो. चारी बाजूंनी झडपा असलेली पेटी सुताराकडून करून घ्यावी आणि जमिनीपासून १.२५ ते २ मीटर उंचीवर, शक्यतो गवतावर उभी करावी. उत्तर गोलार्धात तिचं दार उत्तरेला ठेवतात, म्हणजे नोंद घेताना ऊन आत शिरत नाही. कमाल-किमान तापमापकाच्या U आकाराच्या नळीच्या दोन्ही भुजा या क्षणाचं तापमान सारखंच दाखवायला हव्यात. फरक दिसला तर वाहतुकीत द्रवाचा स्तंभ तुटला असं समजा. किमान तापमानाची भुजा उलटी आखलेली असते, हे आधीच सांगा. द्रवाने ढकललेल्या दर्शक काडीचं खालचं टोक वाचायचं आणि नोंद झाल्यावर ती परत द्रवाला टेकवायची.

ओला-कोरडा तापमापक दोन तापमानांतल्या फरकावरून आर्द्रता सांगतो; त्यातल्या ओल्या तापमापकाच्या फुग्यावर गुंडाळलेली भिजती मलमल हा नेहमीचा घोळ. पाण्याची वाटी लहान आहे, ती कोरडी पडली की दोन्ही तापमापक सारखे होतात आणि मुलं वहीत १०० टक्के आर्द्रता लिहून मोकळी होतात. नळाच्या पाण्यातले क्षार साचूनही कापड कडक होतं, म्हणून ऊर्ध्वपातित पाणी वापरावं आणि मलमल अधूनमधून बदलावी. कोरडा ३०, ओला २४ अंश असेल तर सापेक्ष आर्द्रता साधारण ६० टक्के येते. पुस्तिकेतला तक्ता या बाबतीत ठीक आहे.

आता वायुदाबमापक. उपकरण वाईट नाही, तबकडीवरचे ‘वादळ, पाऊस, बदल, निरभ्र’ हे शब्द दिशाभूल करतात. ते समुद्रसपाटीच्या दाबाला धरून छापलेले आहेत. सखल भागात दर ८ मीटर चढाला सुमारे १ हेक्टोपास्कल (वायुदाबाचं एकक) दाब कमी होतो. ६०० मीटर उंचीवरच्या शाळेत तो सुमारे ७० हेक्टोपास्कलने कमी, म्हणजे काटा बारमाही ‘वादळा’वर! मागचा स्क्रू फिरवून जवळच्या वेधशाळेने दिलेल्या समुद्रसपाटीच्या आकड्याशी काटा जुळवावा लागतो. एवढं करूनही उष्ण कटिबंधात सकाळी दहाच्या सुमारास दाब चढलेला आणि दुपारी चारला दोन-तीन हेक्टोपास्कलने उतरलेला दिसतो, आकाश स्वच्छ असलं तरी. या उताराला वादळाची चाहूल समजू नये. आज चारचा आकडा काल चारच्या आकड्याशीच ताडून पाहावा.

वेगमापक झुळुकेला हलत नाही. प्रमाणित उंची १० मीटर, संचातला दांडा २ मीटरचा, त्यामुळे आकडा कमीच येणार. त्यापेक्षा पाने, फांद्या आणि धूर बघून ० ते १२ अंक देणारी ब्यूफोर्ट श्रेणी मुलांना जास्त शिकवते.

ढगांचा तक्ता नीट छापला आहे, दहाही प्रकार ओळखू येतात. पुस्तिकेत हवामानासाठी ३० वर्षांची सरासरी घेतात हेही बरोबर सांगितलं आहे. पण वातकुक्कुटाचा बाण वारा जिकडे जातो ती दिशा दाखवतो, हे वाक्य चूक आहे. बाणाचं टोक वारा जिकडून येतो तिकडे असतं आणि वाऱ्याला नावही त्याच दिशेचं मिळतं. ते वाक्य पेनाने खोडा. नोंदतक्त्यात वेळेचा रकाना नाही, तोही आखून घ्या.