मायग्रेशन इन्सर्ट (24 वेल): 3, 5 की 8 मायक्रॉन?

मायग्रेशन इन्सर्ट म्हणजे 24 खळग्यांच्या (वेल) प्लेटमध्ये बसणारी, सच्छिद्र पडद्याचं बूड असलेली छोटी वाटी; वरच्या पेशी छिद्रांतून खाली किती सरपटतात ते त्यात मोजतात. डब्यावर ‘इम्यून सेल्ससाठी’ एवढंच छापलंय, आणि गोची तिथेच आहे. दाहाच्या जागी न्यूट्रोफिल आधी पोचतात, मोनोसाइट मागून येतात (दोन्ही रक्तातल्या पांढऱ्या पेशी). न्यूट्रोफिलना आयएल-8 ओढतं, मोनोसाइटना सीसीएल-2; पेशींना ओढणारी ही प्रथिनं म्हणजे केमोकाइन. जशी पेशी, तसं पडद्याचं छिद्र हवं.

न्यूट्रोफिलसाठी 3 मायक्रॉन घ्या, मोनोसाइट आणि लिम्फोसाइट (टी पेशी वगैरे पांढऱ्या पेशी) यांच्यासाठी 5. हे दोन्ही पडदे उत्तम. 8 मायक्रॉनचा मात्र रक्तातल्या पेशींसाठी घेऊच नका. लिम्फोसाइटच मुळात 6 ते 8 मायक्रॉनचा, तो सरपटण्याऐवजी नुसता खाली गळतो आणि कंट्रोल वेलमध्येही (जिथे केमोकाइन नसतं) आकडा फुगतो.

आधी खाली 600 मायक्रोलिटर केमोकाइन, मग इन्सर्ट तिरका धरून हळू सोडायचा, वर 100 मायक्रोलिटर पेशी. बुडबुडा अडकला तर तेवढा पडदा वाया. मीडियम (पेशींचं पोषक द्रावण) फ्रिजमधून थेट वापरलं तर इन्क्युबेटरमध्ये हमखास बुडबुडे सुटतात, म्हणून आधी 37 अंशांवर आणा. पुण्यातल्या एप्रिलमध्ये टेबलावर ठेवलं तरी गरम होईल हे खरं, पण त्यावर विसंबू नका. न्यूट्रोफिलना तासभर ते दीड तास पुरतो, लिम्फोसाइटना दोन ते चार तास द्या.

आयएल-8 चा डोस वाढवत नेला की एका टप्प्यानंतर उलट कमी पेशी उतरतात, कारण पेशीवरचे रिसेप्टर (केमोकाइन पकडणारे रेणू) आत ओढले जातात. दोष इन्सर्टचा नसतो. 10 ते 100 नॅनोग्रॅम प्रति मिलिच्या टप्प्यात चार-पाच डोस लावून पाहा. एका वेलमध्ये वर-खाली सारखाच डोस ठेवा. तिथेही तितक्याच पेशी उतरल्या, तर ती ओढ नव्हे, नुसती वळवळ.

रक्तातून थेट काढलेल्या नाइव्ह (अजून अँटीजेनशी गाठ न पडलेल्या) टी पेशींवर सीएक्ससीएल-10 हे केमोकाइन वाया घालवू नका, त्यांच्यावर त्याचा रिसेप्टर सीएक्ससीआर-3 जवळपास नसतोच. सीएक्ससीएल-12 चालतं.

माहितीपत्रकात एक गोष्ट राहिलीय. बऱ्याच पेशी पडद्याच्या खालच्या अंगाला चिकटून बसतात आणि मोजणीतून सुटतात. शेवटी खालच्या वेलमध्ये 5 मिलिमोलर ईडीटीए (चिकटलेल्या पेशी सुटवणारं रसायन) घालून प्लेट 10-15 मिनिटं बर्फावर ठेवा आणि हलकेच ठोका.

किंमत बोचते, म्हणून इन्सर्ट धुऊन पुन्हा लावायचा पुणेरी मोह होईल. छिद्रांत मेलेल्या पेशी अडकलेल्या असतात, दुसऱ्या खेपेचे आकडे कुणाला दाखवू नयेत असे येतात.