नाताळात भावंडांच्या भेटी: चिठ्ठ्या टाकाव्यात का, हातानं बनवाव्यात की पन्नास रुपयांत आणाव्यात?

यंदा नाताळात भावंडांनी एकमेकांना काहीतरी द्यायचं, असं घरात ठरलं की आईवडिलांपुढे दोन प्रश्न येतात. प्रत्येकानं प्रत्येकाला द्यायचं की चिठ्ठ्या टाकून एकानं एकालाच? आणि भेट घरी बनवायची की ठरलेल्या पैशांत विकत आणायची?

आधी हिशेब. दोन मुलं असतील तर पहिला प्रश्नच उरत नाही. तिघांनी सगळ्यांना द्यायचं तर सहा भेटी, चौघांत बारा, आणि वसईच्या घरी सुट्टीला चुलत-मावस भावंडं जमून पाच झाली की वीस. दहा वर्षांच्या मुलाला चार वस्तू जीव ओतून करता येत नाहीत. चौथी उरकलेली असते आणि ज्याच्या वाट्याला येते त्याला ते कळतं. म्हणून चार किंवा जास्त मुलं असतील तर चिठ्ठ्या टाकाव्यात. तिघांत मात्र चिठ्ठीचं गुपित टिकत नाही. स्वतःचं नाव कुणी ठेवायचं नाही असा नियम केला, की मधल्याला धाकटीची चिठ्ठी आली म्हणजे त्याची भेट थोरल्याकडून येणार हे ठरलंच. त्यातून चिठ्ठ्या पडण्याच्या सहा प्रकारांपैकी चारांत कुणाच्या ना कुणाच्या हाती स्वतःचंच नाव येतं आणि डाव पुन्हा मांडावा लागतो. तीन मुलं असतील तर सगळ्यांनी सगळ्यांना द्यावं. दोन-दोन भेटी झेपतात.

आता बनवायची की आणायची? माझा कौल घरी बनवण्याकडे आहे. पैसे वाचतात हे खरं, पण मोठं कारण वेगळं आहे: बनवणाऱ्या मुलाला आठवडाभर दुसऱ्याचा विचार करावा लागतो. ताईला कोणता रंग आवडतो, दादाच्या टेबलावर काय सारखं हरवतं, हे एरवी कोण बघतं?

पाच ते आठ वर्षांच्या मुलांना मैदा-मिठाचा गोळा उत्तम. दोन वाट्या मैदा, एक वाटी मीठ आणि लागेल तसं, साधारण वाटीभर पाणी. तारे, मासे, नावाची अक्षरं कापायची, दोऱ्यासाठी भोक पाडायचं, मंद ओव्हनमध्ये किंवा दोन-तीन दिवस उन्हात वाळवून रंगवायचं. मिठामुळे किनाऱ्याकडच्या हवेत हे दागिने ओल धरतात आणि मऊ पडतात, तेव्हा वरून व्हार्निशचा हात हवाच. नऊ-दहाच्या पुढे जुन्या मोज्याचं बाहुलं जमतं, गेल्या वर्षीच्या कार्डांतली चित्रं कापून वाचनखुणाही होतात. बारा-तेरा वर्षांच्या मुलानं ताऱ्याचा कंदील करावा. बांबूच्या कामट्या, पतंगी कागद, खळ आणि दोरा यांवर भागतं. घरावरचा मोठा तारा सगळ्यांचा असतो. धाकटीच्या खिडकीपुरता वीतभर तारा फक्त तिचा.

खाऊ मात्र मी भेटीत धरत नाही. कलकल, म्हणजे नाताळचा तळलेला गोड खाऊ, वळायला मुलांना फार आवडतं, काट्यावर नाहीतर नव्या फणीवर तासन्‌तास बसतात, पण शेवटी सगळे एकाच डब्यातून खातात.

‘तुझ्या वाट्याची भांडी मी घासेन’ अशी कुपनं फुकटात होतात. ती घ्या, पण त्यांवर तारीख घाला, 31 जानेवारीपर्यंत म्हणा. नाहीतर चिठोरी वहीत पडून राहतात आणि देणाऱ्याचा शब्द हवेत विरतो.

विकतची भेट दोन घरांत सरस ठरते. एक, जिथे थोरल्याचा हात फार चांगला आहे आणि त्याच्या वस्तूशेजारी धाकट्याची वस्तू खुजी दिसून तो हिरमुसतो. दुसरं, जिथे चौदा-पंधराच्या मुलाला कागद-कात्री घेऊन बसायचा मनापासून कंटाळा आहे. त्याच्यावर सक्ती करू नये. मग सगळ्यांना सारखेच पन्नास रुपये द्यावेत. साठवलेल्या खाऊच्या पैशांवर सोडलं तर सर्वांत लहान मूल रिकाम्या हातानं उभं राहतं. शाळेसमोरच्या स्टेशनरीच्या दुकानात पन्नासात जेल पेन, केसांच्या क्लिपा, स्टिकरं मिळतात. मोठ्यांनी सोबत जावं, निवडू नये. ‘हे घे’ म्हणण्यापेक्षा ‘त्याला काय आवडेल?’ एवढंच विचारावं, आणि मुलानं अगदीच भलतं उचललं तरी तेच घेऊ द्यावं.

कोणताही मार्ग धरलात तरी सुरुवात आगमनकाळाच्या, म्हणजे नाताळाआधीच्या तयारीच्या काळाच्या, पहिल्या रविवारी करावी. तो 27 नोव्हेंबर ते 3 डिसेंबरच्या दरम्यान येतो. म्हणजे बनवायला तीन-चार आठवडे मिळतात. भावंडांच्या भेटी 24 तारखेला संध्याकाळी, चर्चमधल्या मध्यरात्रीच्या मिस्सेला (उपासनेला) निघण्याआधी उघडाव्यात. दुसऱ्या दिवशी मावशी-मामांकडून रिमोटची गाडी आली, की वाचनखुणेकडे कुणी ढुंकून पाहत नाही.